शेवटच्या बाकावरचे दिपोटी

दिपोटी आप्पा पहिल्यांदा माझ्या तासाला आले आणि झोपले.

शेवटच्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, मान भिंतीला टेकवली. मी फळ्यावर ‘ग्रंथालय म्हणजे काय’ याची व्याख्या पुरी करेपर्यंत मागून घोरणं सुरू झालं. पोरं तोंड दाबून हसायला लागली. मी सातारा जिल्ह्यातला, पुण्यात ग्रंथालयशास्त्राची पदविका घेऊन नुकताच इथे नोकरीला लागलेला. म्हातारा कोण हे मला प्राचार्यांनी सांगितलं होतं, म्हणून गप्प बसलो आणि व्याख्येचा उरलेला भाग हळू आवाजात सांगितला.

घंटा झाली तसे ते उठले, टोपी घातली आणि सगळ्या वर्गादेखत मला म्हणाले, “तू शिकाडी ऱ्हायना व्हता, का सांगी ऱ्हायना व्हता?”

अहिराणी मला तेव्हा येत नव्हती. पुढच्या बाकावरच्या लोटननं मोठ्या आनंदानं भाषांतर केलं, “सर, ते विचारी ऱ्हायनात, तुम्ही शिकवत होता की नुसतं सांगत होता?”

“शिकवत होतो,” मी म्हणालो. पुरावा म्हणून चाचणीचे पेपर पुढे केले. वीस मार्कांच्या चाचणीत पंधराच्या खाली कोणी नव्हतं. लोटन तर पहिला होता. ‘ग्रंथालयाचे पाच फायदे’ त्यानं स्वल्पविरामासकट बरोबर लिहिले होते.

आप्पांनी पेपर उलटेपालटे केले आणि लोटनला म्हणाले, “जाय, कपाशीनी माहितीनं एक पुस्तक लई ये.”

लोटन गेला. आम्ही थांबलो. पुढच्या तासाचे सर येऊन दारात उभे राहिले. लोटन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं तर म्हणाला, “सर, कपाटांना कुलूप होतं. मग मी घरीच गेलो. कपाशीनी माहिती आमच्या घरच शे.”

ही सुरुवात.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तालुक्याच्या गावी नवं कॉलेज निघालं होतं. इमारत एका जुन्या जिनिंगच्या आवारात, त्यामुळे कापसाचे धागे हवेतून वर्गात यायचे आणि पोरांच्या केसांवर बसायचे. प्राचार्य हौशी माणूस. त्यांनी कुठल्याशा परिषदेत ऐकलं की ग्रंथपालानं नुसती पुस्तकं सांभाळू नयेत, विद्यार्थ्यांना ग्रंथालय वापरायला शिकवावं आणि त्याची परीक्षाही घ्यावी. परत आल्यावर त्यांनी वेळापत्रकात आठवड्याला एक तास माझ्या नावावर घातला. मला पुस्तकांचं वर्गीकरण येत होतं. माणसांपुढे उभं राहायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मग मी पदविकेच्या वेळच्या टिपणांवरून मजकूर सांगायचो आणि पोरं उतरून घ्यायची. पुस्तकं कुलपात होती, कारण एखादं हरवलं की जबाब मला द्यावा लागे. पोरांनी ग्रंथालयाचे फायदे पाठ केले आणि ग्रंथालयात पाऊल ठेवलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं.

त्यात आप्पा आले. ते निवृत्त शाळा-तपासनीस. इंग्रजांच्या काळात त्यांना डेप्युटी म्हणायचे, लोकांच्या तोंडी त्याचं दिपोटी झालं आणि पेन्शन लागल्यावरही ते सुटलं नाही. घर प्रकाशा या तीर्थगावाजवळ, तापीकाठच्या एका खेड्यात, गुजर शेतकऱ्यांचं, केळी आणि ऊस. इंग्रजी असं यायचं की प्राचार्यांनी उभं राहून ऐकावं. पण बोलायचे फक्त अहिराणी, प्राचार्यांशीसुद्धा. प्राचार्य चौथीत असताना आप्पांनी त्यांची शाळा तपासली होती आणि पाढा चुकल्याबद्दल त्यांना बाकावर उभं केलं होतं. ती भीती प्राचार्यांच्या अंगात कायमची राहिली होती.

प्राचार्यांनी त्यांना विनंती केली की आमच्या तरुण प्राध्यापकांचे तास जरा बघा, सुधारा. ही बातमी फुटताच प्राध्यापक पांगले. एकाचे वडील संस्थेत होते, एकानं सांगितलं की माझा विषय तर्कशास्त्र आहे, तो बाहेरच्याला कळत नाही. एकजण तास चालू असताना दाराला आतून कडी घालू लागला. राहिलो मी. माझं गावात कोणी नव्हतं, नोकरी कच्ची होती आणि ग्रंथालयाच्या दाराला आतून कडी नव्हती. अख्ख्या कॉलेजची सुधारणा माझ्या एकट्यावर आली.

आप्पांना प्रत्येक गोष्टीला मार्क द्यायची खोड होती. प्रकाशाहून एसटीनं यायचे, ड्रायव्हरच्या मागे बसायचे आणि उतरताना त्याला दहापैकी मार्क सांगायचे. स्टँडवरच्या हॉटेलातला चहा चार, न्हाव्याची हजामत पाच, देवळातली आरती साडेतीन. पुजारी त्यांच्याशी बोलत नसे. मार्कांचं कारण मात्र ते सांगायचे, तिथेच मांडी घालून, लोकांना नको असलं तरी. ड्रायव्हरला सांगायचे की तू वळणावर भोंगा वाजवतोस पण वेग कमी करत नाहीस. हॉटेलवाल्याला सांगायचे की तुझं दूध आधी करपतं, मग साखर पडते. “नुसता आकडा दिधा त्ये शिवी शे,” म्हणायचे. “कारन सांगं त्ये शिकाडनं.”

पुस्तकांच्या बाबतीत मात्र ते स्वतः महावाईट. समासात पेन्सिलीनं लेखकाला झापायचे, पान दुमडायचे, आणि नेलेलं पुस्तक मी चार वेळा आठवण केल्याशिवाय परत आणायचे नाहीत.

माझा छळ पद्धतशीर चालला. मी मजकूर सांगायला लागलो की शेवटच्या बाकावरून आवाज यायचा, “पोऱ्हे लिखी ऱ्हायनात. कोनी आयकी नही ऱ्हायना.” मी ‘समजलं का?’ विचारलं आणि पोरं ‘हो’ म्हणाली की ते एकाला उभं करून विचारायचे, “काय समजनं?” तो पोरगा कोसळायचा, आणि मला कळायचं की तो नाही, मी कोसळलोय. एकदा त्यांनी फर्मान काढलं की आजच्या तासाला तू बोलायचं नाही, अक्षर नाही. मी पुस्तकांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खाली मान घालून उभा राहिलो. पोरं माझ्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं लोटन उभा राहिला आणि काळजीनं म्हणाला, “सर, आजारी शेतस का?”

मी नकारार्थी मान हलवली.

“घरनं काही वाईट पत्र?”

पुन्हा मान हलवली. मग कंटाळून एकानं टेबलावरचं पुस्तक उचललं. दुसऱ्यानं त्याच्या हातातलं ओढलं. एकानं विचारलं की पाठीवर हे आकडे कसले. मी खडू उचलला तर आप्पा मागून खाकरले, मी खडू खाली ठेवला. तो आकडा दुसऱ्या पुस्तकावर शोधून शोधून, भांडून भांडून, घंटेच्या आधी त्यांनी स्वतःच काढलं की शेतीची पुस्तकं एका आकड्यात येतात आणि इतिहासाची दुसऱ्या. जे मी तीन तास सांगत होतो ते.

खूश व्हायला हवं होतं. मी चिडलो. पंधरा दिवसांनी आणखी एक टोमणा बसल्यावर म्हणालो, “आप्पा, एक तास तुम्हीच घ्या. मी बसतो शेवटच्या बाकावर.”

ते तयार झाले. विषय होता शब्दकोश कसा पाहावा. आप्पांनी शब्दकोश हातात घेतला, उघडला नाही. त्यांना आठवलं की असाच एक कोश ते तोरणमाळच्या शाळेच्या तपासणीला घोड्यावरून नेत होते. मग घोडा आला, घाट आला, घोड्याचा नाल निघाला, नाल ठोकणारा आला, त्याच्या मुलीचं लग्न आलं. पहिली रांग झोपली, मग दुसरी. लोटन उघड्या डोळ्यांनी झोपला. घंटा झाली तरी घोडा घाट चढतच होता.

बाहेर आल्यावर मी तोंडावर समाधान दिसू नये म्हणून दुसरीकडे बघत होतो. आप्पांनी टोपी नीट केली.

“देखं ना?” ते म्हणाले. “मी इतला वाईट शिकाडस. आख्खा जलम मी दुसरास्ना तास देखात. म्हनीसन तुन्हा वाईटपना माले लगेच दिसस.”

त्यांना जराही लाज वाटत नव्हती. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला, किंवा निदान पातळ झाला.

वर्षाच्या शेवटी परीक्षा आली. आप्पा म्हणाले, लेखी पेपर नको. प्रत्येक पोरानं ज्याचं उत्तर त्याला खरंच पाहिजे असा एक प्रश्न चिठ्ठीवर लिहावा, आणि कपाटं उघडून त्याचं उत्तर शोधावं. सापडलं नाही तरी चालेल, पण कुठे कुठे शोधलं आणि तिथेच का, ते तोंडी सांगावं. मार्क त्याला.

मला कपाटांची धास्ती होती. पण चिठ्ठ्या वाटल्या. परत आल्या तेव्हा सगळ्यांवर सारखंच, ‘भारतातील प्रमुख नद्या कोणत्या?’ आप्पांनी गठ्ठा परत केला. “हाई तुमले जानानं नही. मास्तरले आवडी म्हनीसन लिखेल शे.”

दुसऱ्या खेपेला पोरं उघडी पडली. गुजरांच्या पोरांना केळीची पानं पिवळी का पडतात ते हवं होतं. एकानं लिहिलं, विसरवाडीच्या नाक्यावर ट्रकवाले परदेशी म्हणून घड्याळं विकतात, ती खरी कशी ओळखावी. सातपुड्यातून आलेल्या एका पावरा आदिवासी मुलानं लिहिलं, तोरणमाळला एसटी कधी येणार. मी म्हणालो, हे पुस्तकात कसं असेल. आप्पा म्हणाले, त्यालाच शोधून सांगू दे की नाही.

वर्गात मुली चार. त्यातली शमीम, कल्हईवाल्याची मुलगी. गावातल्या निम्म्या घरांची पितळी भांडी तिच्या बापानं नवसागर लावून, कल्हई करून उजळलेली. तिनं लिहिलं होतं: ‘नवसागराच्या धुराने छातीला काय होते?’

परीक्षेच्या दिवशी कपाटं उघडली आणि ग्रंथालयाचा मंगळवारचा बाजार झाला. पोरं स्टुलावर चढली, एकमेकांच्या हातातली पुस्तकं ओढू लागली. केळीवाल्यांनी स्वयंपाकाचं पुस्तक काढलं आणि त्यातच रमले. घड्याळवाला कादंबरीत शिरला तो निघाला नाही. पावरा मुलगा मात्र सरकारी अहवालांचा ढीग उपसत बसला आणि शेवटी म्हणाला, “सर, रस्ता करणार असं तीन ठिकाणी लिहिलंय. केव्हा ते कुठेच नाही.” आप्पांनी त्याला पास केलं. शमीमला इंग्रजी विश्वकोशात चार ओळी सापडल्या. शब्दकोश घेऊन एकेक शब्द लावत तिनं मला सांगितलं, हा धूर घसा आणि छाती धरतो, काम मोकळ्या हवेत करावं. तीही पास. असे मोजके सोडले तर अख्खा वर्ग नापास. लोटनसकट.

शमीमनं ते घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, वडील काय म्हणाले?

“अब्बा म्हणाले, किताब में लिख्या है तो किताब को बोल, भांडी वोच चमकाए.” मग म्हणाली, “पण भाता घेऊन ओसरीवर बसले आज.”

निकाल पाहून प्राचार्यांनी मला आणि आप्पांना बोलावलं. विद्यापीठाची समिती यायची होती, कॉलेजच्या मान्यतेसाठी. “पहिल्या चाचणीत सगळे पास आणि आता सगळे नापास? समितीला काय दाखवू? मागच्यासारखा लेखी पेपर घ्या आणि मिटवा.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हाला कायम करायचा कागदही माझ्या टेबलावर आहे.”

मी आप्पांकडे पाहिलं. वाटलं, आता हा माणूस माझ्या बाजूनं चार शब्द बोलेल.

“पोऱ्हे नापास शेतस,” आप्पा म्हणाले, “आनि हाऊ मास्तर बी नापास शे.”

आप्पांचं चालूच होतं. “मांगली चाचनीमा हाऊ नापासच व्हता, पन कोनले दिसनं नही. आते दिसनं. आते फेर शिकाडी, पोऱ्हे फेर बसतीन. तू चौथीमा पाढा चुकना, मी तुले काय करं?”

प्राचार्य हळूच म्हणाले, “बाकावर उभं केलं.”

“आनि दुसरा दिन?”

“पुन्हा म्हणायला लावला.”

“मंग?”

प्राचार्यांनी माझा कागद उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवला. तो बरा गठ्ठा की वाईट, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

त्यानंतर दर शनिवारी फेरपरीक्षा. मी शिकवायचो म्हणजे नापास झालेल्याच्या शेजारी उभा राहून विचारायचो, आता कुठे बघशील, का? हळूहळू पोरं पास व्हायला लागली. आप्पा मला कारणासकट मार्क सांगायचे. ते मी इथे लिहीत नाही.

समिती नेमकी शनिवारी आली. पुण्याचे दोन आणि मुंबईचे एक, तिघेही सुटात. त्यांनी उघडी कपाटं पाहिली, जमिनीवर बसलेली पोरं पाहिली, आरडाओरडा ऐकला आणि कानाला हात लावून बाहेर गेले. शेरा असा पडला की ग्रंथालयात शिस्त नाही, मात्र तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं, सुवाच्य आहेत. त्या सुवाच्य तालिकापत्रांवर मी नोकरीत कायम झालो. तास मात्र बंद झाला आणि कपाटांना पुन्हा कुलूप लावायचा हुकूम निघाला.

कुलपं होती. किल्ल्या नव्हत्या. मी ग्रंथालय पालथं घातलं. आप्पा सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत स्वतःहून म्हणाले, किल्ल्या चुकून आपल्या खिशात गेल्या, प्रकाशाला नदीवर हात धुताना तापीत पडल्या. बोलताना त्यांचा खिसा फुगलेला होता. प्राचार्यांनी खिशाकडे पाहिलं, आप्पांनी प्राचार्यांकडे पाहिलं. त्यांचा खिसा तपासणारा माणूस आमच्या कॉलेजात नव्हता. नव्या कुलपांची मागणी वर गेली आणि वरच राहिली. कपाटं उघडीच राहिली.

तास बंद झाल्यावर आप्पांचं येणंही थांबलं. मला सुटल्यासारखं वाटलं, मग तसं वाटेनासं झालं. नापास राहिलेली पोरं शनिवारी विचारायला लागली, “सर, आमची फेरपरीक्षा?” वेळापत्रकात नसलेला तास कॉलेज सुटल्यावर सुरू झाला. पास झालेली शमीम नापासांना तपासायला बसायची आणि माझ्यापेक्षा कडक होती.

हे सांगायला मी एका रविवारी आप्पांच्या गावी गेलो. बांधावरून घरी पोचलो तेव्हा आतून ओरडणं ऐकू येत होतं. वाटलं, भांडण आहे. आप्पा बायकोला विचारत होते की चहात साखर घातली का. काकू चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं.

“दोन वरीस झायात,” आप्पा मला म्हणाले. “धुयाले डागदरले दखाडं, सुरतले दखाडं. मी वरडस, ती हासस. मंग मीच गप बठस.”

मी शनिवारच्या तासाचं सांगितलं. त्यांनी मार्क सांगितले नाहीत.

पुढच्या शनिवारी ते एसटीनं आले, पोरांच्यात बसले आणि एक चिठ्ठी शमीमपुढे ठेवली. तिनं ती वाचली, मला दाखवली. ‘बहिऱ्या माणसाशी कसे बोलावे?’ अक्षर शाळा-तपासनीसाचं, टपोरं, स्वच्छ.

“शोधा, आप्पा,” शमीम म्हणाली.

आप्पांनी शोधलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वैद्यकाच्या कपाटापाशी गेले, कानाच्या रोगांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसून पुसून वाचलं. दुसरं काढलं. समासात एकही अक्षर लिहिलं नाही. अंधारायला लागलं तेव्हा येऊन उभे राहिले. “नही सापडनं.”

“कुठे कुठे बघितलं?”

“वैद्यकमा.”

“फक्त तिथेच? का?”

आप्पांनी वळून वैद्यकाच्या कपाटाकडे पाहिलं.

“कान बरा करायचा तर वैद्यक,” शमीम म्हणाली. “तुम्हाला बोलायचंय. आप्पा, तुम्ही नापास. पुढच्या शनिवारी पुन्हा या.”

आप्पांनी मान डोलावली, टोपी घातली आणि स्टँडकडे गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा आले. या वेळी सरळ शिक्षणाच्या कपाटाशी गेले, त्यांच्या आयुष्यभराच्या कपाटाशी, आणि मूकबधिर मुलांच्या शिक्षकांसाठीची एक पातळ पुस्तिका काढून आणली. शमीमपुढे उभे राहून त्यांनी वाचून दाखवलं. ऐकणाऱ्याच्या समोर बसावं. तोंडावर उजेड असावा. सावकाश बोलावं. ओरडू नये, ओरडल्यानं ओठ वाकडे होतात आणि शब्द कळत नाहीत.

शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, “म्हंजे मी दोन वरीस तिले वाकडं तोंड दखाडी ऱ्हायनू व्हतू.”

शमीमनं त्यांना पास केलं. पुस्तिका त्यांनी नेली आणि या वेळी मी ती कधीच परत मागितली नाही.

केळीचे घड उतरायला लागले तेव्हा मी पुन्हा तिकडे गेलो. दोघं ओट्यावर समोरासमोर बसली होती. ऊन आप्पांच्या तोंडावर येत होतं, त्यांनी डोळे बारीक केले होते आणि अगदी हळू, एकेक शब्द ओठांवर मांडत ते काही सांगत होते. घोडा आणि घाट हे शब्द मला ओळखता आले. काकू त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या.

मी जवळ जाऊन, समोर उभा राहून, सावकाश विचारलं, “काकू, आता कळतं का आप्पांचं बोलणं?”

“आते समदं समजस, भाऊ,” काकू म्हणाल्या. “पन समजाजोगं त्यामा काही ऱ्हासच नही.”

आप्पांनी हात वर करून मला गप्प केलं, काकूंचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि घोडा पुन्हा घाटाच्या पायथ्याशी आणून उभा केला.